जॉर्ज मायकलचा 'फेथ' (1987): एकल अल्बम म्हणजे नेमके काय?

नवश्रोता

गेले काही महिने मी 1980 च्या दशकातले इंग्रजी पॉप संगीत सुटी सुटी गाणी न ऐकता अल्बमवार ऐकण्याचा प्रयत्न करीत आहे. त्या क्रमात ब्रिटिश गायक जॉर्ज मायकलच्या 'फेथ'पाशी येऊन अडखळलो आहे. हा त्याचा पहिला एकल स्टुडिओ अल्बम 30 ऑक्टोबर 1987 रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा तो अवघा 24 वर्षांचा होता आणि अँड्र्यू रिजलीबरोबरची त्याची 'वॅम!' ही जोडी विसर्जित होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पुढे 1989 मध्ये या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि अमेरिकेत एक कोटी प्रतींचे 'डायमंड' प्रमाणपत्रही मिळाले, एवढे मी वाचले आहे. मात्र आकडे कळले म्हणून अल्बम कळला असे होत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

माझी पहिली शंका अल्बमच्या एकसंधपणाबद्दल आहे. मूळ तबकडीवर नऊ गाणी आहेत आणि त्यांतली सहा स्वतंत्र सिंगल म्हणून निघाली. त्यांपैकी 'फेथ', 'फादर फिगर', 'वन मोअर ट्राय' आणि 'मंकी' ही चार अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. एक गाणे 1950 च्या दशकातल्या रॉक अँड रोलसारखे, दुसरे गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताच्या अंगाने जाणारे, तिसरे नाचाचे, तर शेवटचे थेट जॅझच्या मैफलीतले वाटते. अशा वेळी याला अल्बम म्हणावे, की यशस्वी गाण्यांचे गाठोडे म्हणावे?

दुसरी शंका 'एकल' या शब्दाची आहे. गीतलेखन, संगीत, वाद्यसंयोजन आणि निर्मिती या सर्वांसमोर जॉर्ज मायकलचे नाव आहे. पण श्रेयनामावलीत गिटारवादक आहेत, बेसवादक आहेत, साथीचे गायक आहेत. मायकेल जॅक्सनचा 'ऑफ द वॉल' हाही एकल अल्बम म्हणवला जातो, आणि त्याची निर्मिती मात्र क्विन्सी जोन्सची होती. मग एकल म्हणजे एकट्याचे नाव, एकट्याचा आवाज, की आणखी काही?

तिसरी शंका लहानशी आहे. पहिल्या गाण्याच्या आरंभी चर्चमधल्यासारखा ऑर्गन बराच वेळ वाजतो. मला प्रथम वाटले की चुकून दुसरेच काहीतरी लागले आहे. त्या ऑर्गनचे प्रयोजन काय असावे?

मंद्रसप्तक

तुमची तिसरी शंका लहान नाही. तिच्यातच पहिल्या दोन शंकांची उत्तरे दडलेली आहेत, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

तो ऑर्गन क्रिस कॅमेरन या वादकाने वाजवला आहे आणि त्यावर वाजणारी चाल नवी नाही. ती 'वॅम!'च्या 1984 सालच्या 'फ्रीडम' या गाण्याची चाल आहे. मूळ गाणे उड्या मारणारे, टाळ्यांचे, मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या नाचऱ्या संगीताची आठवण देणारे होते. येथे तीच चाल संथ लयीत, एखाद्या प्रार्थनास्थळात अंत्यविधीच्या वेळी वाजावी तशी ऐकू येते. 28 जून 1986 रोजी लंडनच्या वेंबली स्टेडियमवर 'वॅम!'ने आपला निरोपाचा कार्यक्रम केला होता, तरी माझ्या मते त्या जोडीचा खरा निरोप या अर्ध्या मिनिटात आहे. ऑर्गन विरत जातो, शांतता पसरते, आणि मग एक अकूस्टिक गिटार एकटीच कोरडा ठेका धरते. वाद्यांचा सगळा थाट उतरवून एक माणूस एका गिटारीनिशी समोर येतो, ही या अल्बमची पहिली घोषणा आहे. सिंगल म्हणून सुटे गाणे ऐकणाऱ्याला ही जोडणी जाणवत नाही. अल्बम पहिल्यापासून लावला तरच ती कळते, आणि हे गाठोडे नसल्याचा पहिला पुरावा मला तिथेच मिळतो.

आता 'एकल' या शब्दाकडे येतो. जॉर्ज मायकलच्या बाबतीत या शब्दाचा इतिहास 1987 च्या बराच आधी सुरू होतो. 'केअरलेस व्हिस्पर' हे गाणे त्याने रिजलीबरोबर फार लहान वयात लिहिले होते. 1983 मध्ये ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी तो अमेरिकेत अलाबामातल्या मसल शोल्स येथे गेला, आणि तेथे निर्माता म्हणून होते जेरी वेक्सलर, म्हणजे सोल गायिका अरीथा फ्रँकलिनची अजरामर ध्वनिमुद्रणे ज्यांच्या हाताखाली झाली ते. विशीतल्या मुलाला याहून मोठा मान कोणता मिळणार? पण तयार झालेले ध्वनिमुद्रण जॉर्जच्या मनात असलेल्या गाण्याशी जुळले नाही. त्याने ते बाजूला ठेवले, लंडनला परतून सार्म वेस्ट स्टुडिओत स्वतःच्या निर्मितीखाली ते गाणे पुन्हा मुद्रित केले, आणि 1984 मध्ये आज आपण ऐकतो ते 'केअरलेस व्हिस्पर' बाहेर आले. माझ्या दृष्टीने त्याची एकल कारकीर्द या नकारापासून सुरू होते. एवढ्या थोर निर्मात्याच्या कामाला नम्रपणे 'हे नव्हे' म्हणता येणे आणि त्यानंतर 'मग काय' हेही स्वतः करून दाखवता येणे, या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी होत्या.

पुढचा टप्पा 1986 चे 'अ डिफरंट कॉर्नर'. त्यात लेखन, गायन, वादन आणि निर्मिती सर्व त्याचेच आहे, आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे 'फेथ'ला हात घालताना हा माणूस सर्व काही एकट्याने करू शकतो, हे सिद्ध झालेले होते. तरीही त्याने 'फेथ'साठी वादक बोलावले. बेसवर 'वॅम!'च्या काळापासूनचा सोबती डिऑन एस्टस आहे, गिटारवर ह्यू बर्न्स आहे, ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू क्रिस पोर्टर यांनी सांभाळली आहे. डेन्मार्कमधला पुक स्टुडिओ आणि लंडनमधला सार्म वेस्ट येथे हे काम चालले. काही गाण्यांत मात्र जवळजवळ सगळी वाद्ये त्याने स्वतः वाजवली आहेत. यावरून मला असे दिसते की येथे एकल असण्याचा संबंध किती माणसे स्टुडिओत होती याच्याशी नाही. शेवटचा निर्णय कोणाच्या कानाने झाला याच्याशी आहे. 'ऑफ द वॉल'मध्ये तो निर्णय दोन मोठ्या कानांचा मिळून होता, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. 'फेथ'मध्ये तो एकाच कानाचा आहे.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. 1987 च्या पूर्वार्धात अरीथा फ्रँकलिनबरोबरचे त्याचे द्वंद्वगीत ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर होते. ते त्याने लिहिलेले नव्हते आणि त्याची निर्मितीही नाराडा मायकल वॉल्डेन यांची होती. इतके ताजे यश हाताशी असताना त्याने ते 'फेथ'मध्ये घेतले नाही. 'केअरलेस व्हिस्पर' घेतले नाही, 'अ डिफरंट कॉर्नर'ही घेतले नाही. बरेच आधी येऊन गेलेले एकच गाणे अल्बममध्ये आहे, ते म्हणजे 1987 च्या उन्हाळ्यातले 'आय वॉन्ट युअर सेक्स', आणि तेही दोन भागांच्या लांब रूपात. गाठोडेच बांधायचे असते तर ही तीन गाणी सर्वांत आधी आत गेली असती.

स्वरलेखा

मंद्रसप्तक यांनी निर्णयाची गोष्ट सांगितली. मी तो निर्णय कानाला कुठे ऐकू येतो ते सांगते, कारण नव्याने ऐकणाऱ्याला त्याचाच अधिक उपयोग होईल असे वाटते.

या अल्बममधले माझे सर्वांत आवडते गाणे 'फादर फिगर' आहे. ते मुळात असे नव्हते. ते मध्यम लयीचे, नाचता येईल असे गाणे म्हणून आकार घेत होते आणि त्यात स्नेअर ड्रमचा नेहमीचा ठोसा होता. ध्वनिमुद्रणावर काम करीत असताना एकदा जॉर्जने तो स्नेअर बंद करून बाकीचे ऐकले आणि त्याच्या लक्षात आले की गाणे संपूर्ण बदलले आहे. ठोसा गेल्याबरोबर उरलेल्या ठेक्यात एक पोकळी निर्माण झाली आणि त्या पोकळीत कुजबुजीसारखा आवाज, साथीच्या गायकांचा गॉस्पेल धाटणीचा कोरस आणि पूर्वेकडच्या सुरावटीची आठवण देणारा वाद्यांचा तुकडा, असे सगळे तरंगू लागले. पॉप संगीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा तो ठोसा म्हणजे घराचा खांब समजला जातो. खांब काढूनही घर उभे राहते, इतकेच नव्हे तर अधिक मोकळे होते, हे ओळखायला धैर्य लागते. दुसऱ्या कोणाची निर्मिती असती तर 'नाचायला ठेका हवा' म्हणून तो स्नेअर परत आला असता, असे मला खात्रीने वाटते.

हाच न्याय 'फेथ' या गाण्यालाही लावून पाहा. बो डिडली या अमेरिकन गायक-गिटारवादकाच्या नावाने ओळखला जाणारा जुना ठेका, एक अकूस्टिक गिटार, चुटक्या, टाळ्या, बेस, आणि मधल्या भागात जुन्या वळणाचा गिटारचा छोटा तुकडा. सव्वातीन मिनिटांत, त्यातही अर्धे मिनिट ऑर्गनला देऊन, गाणे संपते. 1987 च्या सुमारास पॉप गाण्यांवर सिंथेसायझरचे थरांवर थर चढवण्याची रीत होती. ढोलांना एवढा प्रतिध्वनी दिला जाई की गायक एखाद्या गुहेतून गात असल्यासारखा वाटावा. त्या काळात सर्वांत मोठ्या अल्बमचे शीर्षकगीत इतके हडकुळे ठेवणे हे त्या काळाच्या उलट वागणे होते. आज त्या वर्षातली कितीतरी गाणी पहिल्या दोन ठोक्यांतच आपले वय सांगतात. हे गाणे सांगत नाही, आणि त्याचे कारण त्याचा हडकुळेपणा आहे.

आता 'वन मोअर ट्राय'. हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे आहे. ऑर्गनसारखा स्वर धरणारा की-बोर्ड, अगदी मंद ठेका, बेस, आणि वर आवाज, यापलीकडे त्यात फारसे काही नाही. पण रचना लक्षपूर्वक ऐका. नेहमीचा ध्रुपदाचा भाग, जो दर अंतऱ्यानंतर परत येतो आणि ज्यात गाण्याचे नाव असते, तो येथे नाही. कडव्यामागून कडवे येते, प्रत्येक वेळी गायक नकार देतो, पुन्हा शिकायचे नाही म्हणतो, आणि गाण्याचे नाव असलेले शब्द थेट शेवटच्या ओळीत एकदाच उच्चारले जातात. पाच-साडेपाच मिनिटांचा नकार शेवटच्या श्वासात विरघळतो आणि गाणे तिथेच थांबते. हे गाणे मी अनेक वर्षे ऐकत होते, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. ती कळल्यानंतर मात्र ते गाणे मधूनच लावणे मला जमेनासे झाले.

त्याच्या गळ्याबद्दल एकच सांगते. या अल्बममध्ये तो मोठ्याने गाऊ शकतो हे दाखवण्याची संधी वारंवार टाळतो. 'फादर फिगर'चे अंतरे तो जवळजवळ कानाशी बोलल्यासारखे म्हणतो आणि माइकच्या इतका जवळ आहे की श्वासही ऐकू येतो. म्हणून जेव्हा आवाज चढतो तेव्हा त्याला किंमत येते. शक्य असेल तर हेडफोनवर, मंद आवाजात ऐका.

खर्ज

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरी मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. पहिल्या बाजूबद्दल जे म्हटले आहे ते मान्य आहे. 'फेथ', 'फादर फिगर', 'आय वॉन्ट युअर सेक्स' आणि 'वन मोअर ट्राय' ही चार गाणी ज्या क्रमाने येतात तो क्रम निर्दोष आहे. पण तबकडी उलटल्यावर काय होते?

'हार्ड डे' मला एका कल्पनेवर फार वेळ चाललेले गाणे वाटते. 'लुक ॲट युअर हँड्स' हे डेव्हिड ऑस्टिनबरोबर लिहिलेले, म्हणजे संपूर्ण अल्बममधले एकमेव सहलेखन. मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या जुन्या प्रेयसीविषयीचे ते गाणे आहे, आणि विषय इतका गंभीर असूनही संगीत उगाचच आनंदी आहे. त्यातल्या निवेदकाचा 'मी सांगितले होते ना' हा सूर तर मला आजही खटकतो. 'मंकी'च्या बाबतीत मजेशीर नव्हे तर विचार करण्यासारखी गोष्ट अशी की अमेरिकेत जे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले ते अल्बममधले रूप नव्हतेच. जिमी जॅम आणि टेरी लुईस यांनी, म्हणजे जॅनेट जॅक्सनचा 'कंट्रोल' हा अल्बम घडवणाऱ्या जोडीने, ते सिंगलसाठी नव्याने बांधले. ज्या अल्बमचे मोठेपण एकाच कानाच्या निर्णयात आहे असे आपण म्हणतो, त्याच अल्बममधल्या एका गाण्याला पूर्णत्व यायला दुसऱ्यांचे कान लागले, हे नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या बाजूवर मला खरोखर मोलाचे वाटते ते 'हँड टू माउथ'. ते 'फेथ' या सिंगलच्या मागच्या बाजूलाही होते. राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळातल्या अमेरिकेत पोटापुरतेही न मिळणाऱ्या माणसांचे चित्र त्यात आहे. बंदूक हाती घेणारा तरुण आहे, शरीर विकायला लागणारी मुलगी आहे. चाल मात्र इतकी हलकी आणि गोड आहे की शब्दांकडे कान जाईपर्यंत गाणे निम्मे झालेले असते. 'लुक ॲट युअर हँड्स'मध्ये जो विरोधाभास फसला तो येथे साधला आहे, कारण येथे गायक कोणाला दोष देत नाही, केवळ पाहतो.

आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. 1988 मध्ये 'फेथ' अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या संगीत साप्ताहिकाच्या तेव्हाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि एका गोऱ्या एकल कलावंताच्या बाबतीत असे प्रथमच घडले. 'वन मोअर ट्राय'ने त्याच वर्गाच्या सिंगल यादीतही पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर जानेवारी 1989 मध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्याला सोल/आर अँड बी विभागातील आवडता गायक आणि आवडता अल्बम ही दोन्ही पारितोषिके मिळाली, तेव्हा कृष्णवर्णीय कलावंतांमधून नाराजीचे सूर उमटले. मला ती नाराजी समजते. तो विभाग ज्या कलावंतांसाठी जवळजवळ एकमेव मोठे व्यासपीठ होता, तेथेही पॉपच्या मुख्य यादीत आधीच सर्व काही जिंकलेला माणूस येऊन बसला. यात जॉर्जचा अपराध होता असे मी म्हणत नाही. त्याने गॉस्पेल आणि सोलवर मनापासून प्रेम केले होते. पण अल्बमचे कौतुक करताना हा भाग वगळला तर चित्र एकांगी होते.

मंद्रसप्तक

खर्ज यांच्या 'मंकी'बद्दलच्या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही. सिंगलचे रूप अधिक चांगले आहे हे मी मान्य करतो. फक्त एवढेच जोडतो की त्या नव्या रूपासाठी त्याने आवाजही पुन्हा दिला. म्हणजे आपले पहिले काम अपुरे होते हे त्याने ओळखले, आणि ज्यांना ठेक्याचे त्याच्याहून अधिक कळते त्यांच्याकडे तो गेला. 'केअरलेस व्हिस्पर'च्या वेळी त्याने दुसऱ्याचे काम नाकारून स्वतःचे ठेवले, 'मंकी'च्या वेळी स्वतःचे बाजूला सारून दुसऱ्यांचे घेतले. मला हे दोन्ही प्रसंग एकाच स्वभावाचे वाटतात.

पारितोषिकांच्या वादाबाबत एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. ज्या देशात तो वाढला त्या ब्रिटनमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला खरा, पण त्यातले एकही सिंगल तेथे पहिल्या क्रमांकावर पोहोचले नाही. 'फेथ' दुसऱ्या क्रमांकावर थांबले, 'फादर फिगर' तर पहिल्या दहांतही आले नाही. अमेरिकेत मात्र चार गाणी शिखरावर, आणि 'फेथ' हे 'बिलबोर्ड'च्या 1988 च्या वार्षिक यादीतले सर्वांत मोठे गाणे. ब्रिटिश श्रोत्याच्या मनात अजून केस उडवत नाचणारा 'वॅम!'मधला मुलगा होता. अमेरिकी श्रोत्याने, आणि त्यातही कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांनी, आवाज आधी ऐकला. त्या अल्बम यादीत तो वर चढला यामागे त्या श्रोत्यांची निवडही होती. पारितोषिकाच्या व्यासपीठावरचा अन्याय आणि श्रोत्यांची निवड या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.

नवश्रोता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मी अल्बम सांगितल्याप्रमाणे पहिल्यापासून, क्रम न बदलता, हेडफोनवर ऐकला. त्याआधी 'वॅम!'चे 'फ्रीडम' एकदा ऐकून घेतले होते. ऑर्गन सुरू झाला आणि ती चाल ओळखू आली तेव्हा अंगावर काटा आला, हे प्रांजळपणे सांगतो. आठवडाभरापूर्वी हाच भाग मी पुढे ढकलत होतो.

स्वरलेखा यांनी सांगितलेली 'वन मोअर ट्राय'ची गोष्ट आधी माहीत असूनही शेवटच्या ओळीपर्यंत मी वाट पाहत राहिलो, आणि ती ओळ आली तेव्हा मध्येच कुठेतरी ती येऊन गेली असती तर किती साधे झाले असते असे वाटले. 'आय वॉन्ट युअर सेक्स' मात्र अजून मला पटलेले नाही. नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे हे गाणे त्या दोन संथ गाण्यांच्या मध्ये का ठेवले असावे? त्याच्या नावामुळे त्या काळात गदारोळ झाला होता एवढे वाचले आहे.

आणखी एक अडचण. माझ्याकडच्या प्रतीत 'किसिंग अ फूल'नंतरही दोन तुकडे आहेत. ते ऐकताना अल्बम संपून गेल्यानंतरही कोणीतरी बोलत राहिल्यासारखे वाटले. ते मूळचेच आहेत का?

खर्ज

गदारोळ झाला हे खरे. बीबीसीने दिवसाच्या कार्यक्रमांत ते वाजवले नाही आणि अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनीही टाळले, तरी ते तेथे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. एड्सच्या भीतीचा तो काळ होता. व्हिडिओत जोडीदाराच्या पाठीवर एकनिष्ठेचा संदेश लिपस्टिकने लिहिलेला दिसतो आणि गाणे एकाच जोडीदाराबरोबरच्या नात्याविषयी आहे, असे जॉर्जचे म्हणणे होते. जागेबद्दल माझे मत असे की 'फादर फिगर'नंतर ऐकणाऱ्याला जमिनीवर आणणे आवश्यक होते. पहिला भाग कोरडा आणि यांत्रिक, दुसऱ्या भागात फुंकवाद्ये येऊन रक्त खेळू लागते, आणि एवढा गोंगाट झाल्यानंतरच 'वन मोअर ट्राय'चा पहिला स्वर इतका एकाकी वाटू शकतो. ते गाणे मध्ये काढून दोन संथ गाणी लागोपाठ ऐकून पाहा. दुसऱ्याचे वजन निम्मे होते.

स्वरलेखा

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. ते दोन तुकडे सीडीसाठी जोडलेले आहेत: एक 'हार्ड डे'चे शेप पेटिबोन यांनी केलेले रीमिक्स आणि दुसरा 'आय वॉन्ट युअर सेक्स'चा तिसरा, संथ भाग. 1987 मध्ये सीडी नवी होती आणि तबकडीहून तिच्यावर जागा अधिक होती, म्हणून अशी भर घालण्याची पद्धत होती. त्यांतला तिसरा भाग स्वतंत्रपणे ऐकण्यासारखा आहे. पण तबकडीचा क्रम 'किसिंग अ फूल'वर संपतो.

तेथे प्रथमच ड्रम मशीन आणि सिंथेसायझर बाजूला झालेले आहेत. पियानो, बेस, ब्रशने वाजवलेला हलका ठेका आणि फुंकवाद्ये एवढ्यांतच तो गातो, आणि आवाजावर कसलीही झूल नाही. लोकांच्या बोलण्याला भिऊन आपल्याला सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून ते गाणे आहे. ऑर्गनने सुरू झालेला अल्बम अखेरीस रात्री उशिरा दिवे मंद केलेल्या खोलीत येऊन पोहोचतो. त्यानंतर मी काहीच लावत नाही. तुम्हीही तिथेच थांबवून पाहा.